शेजारच्या सीटचं दार

जुन्या गाड्यांचे पत्रे बदलण्यात माझं आयुष्य गेलं. किस्से पुष्कळ आहेत, पण हा मी बायकोलाही सांगितलेला नाही.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई नवऱ्याची जुनी गाडी घेऊन आल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मडगार्ड, खालच्या पट्ट्या, सगळं गंजलेलं.

"मिस्त्री, हवं ते बदला," बाई म्हणाल्या, "शेजारच्या सीटचं दार तेवढं राहू द्या. गाडी मी चालवायचे. हे तिथे बसायचे, खिडकीवर कोपर टेकवून. बघा ना, रंगसुद्धा झिजलाय."

"निश्चिंत राहा," मी म्हणालो.

दाराची तळातून चाळणी झाली होती. तुकडे जोडत बसायचं म्हणजे आठ दिवस. मला कंटाळा आला, खरं कारण एवढंच. मी भंगारवाल्याकडे गेलो. तसंच एक दार भिंतीला टेकून उभं होतं.

"ते सोडून काहीही ने," तो म्हणाला. "ती गाडी ओढ्यात गेली होती. आत एक पोरगी होती. दार शेवटपर्यंत उघडलं नाही."

"पत्र्याला काय कळतंय!" मी हसलो.

दार कधी पहिल्या फटक्यात बसत नाही. बिजागरी सैल करा, उचला, फट बघा, पुन्हा काढा. हे बसलं. चारही बाजूंना फट सारखी. मग मी रंग मारला, आणि खिडकीच्या कडेला, बरोब्बर कोपराच्या जागी, पॉलिश पेपरने तो झिजवला. हात जरासुद्धा अडखळला नाही माझा.

आतली कडी तपासायला मी सीटवर बसलो, दार ओढून घेतलं. कडी हलेना. बाहेर दुपारचं लख्ख ऊन, आणि आत गाळाचा, कुजलेल्या पाण्याचा वास. मग पत्र्याच्या आतून थाप आली... तळहाताची. हळू, थकलेली.

"उघडा ना..." पोरीचाच आवाज. "कुणीतरी उघडा..."

मी दुसऱ्या दाराने बाहेर पडलो. वळूनही पाहिलं नाही.

तरी गाडी दिलीच.

"हेच ना आमचं दार?"

"तेच."

बाईंनी झिजलेल्या जागेवरून हात फिरवला. मला नजर कुठे ठेवावी कळेना.

महिन्याने त्या पुन्हा आल्या. चेहरा उजळलेला.

"मिस्त्री, तुमचे उपकार कसे फेडू? हे बोलतात हो माझ्याशी, त्या दारातून. आवाज बारीक झालाय त्यांचा, पण तेच... आज कुठेतरी लांब चल म्हणतात."

"बाई, ते दार..."

"काय झालं त्याला?"

त्या किती आनंदात होत्या! आणि मी...

"काही नाही. बिजागरीला तेल देत जा."

त्या गाडीत बसल्या, निघाल्या. शेजारची सीट रिकामी होती. वळणावर त्या बाजूची काच खाली येऊ लागली. थांबत, अडखळत, कुणी आतून दांडी फिरवावी तशी.

बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.