पिएत्राफोस्काचा उतार

शनिवारी जेवण झाल्यावर बाण लावायला आम्ही दोघंच निघालो. मी आणि माझा मेव्हणा सेत्तिमिओ. दुसऱ्या दिवशी आमच्या सायकल मंडळाची वर्षातली शेवटची फेरी होती. वळणावळणावर पिवळे कागदी बाण लावले नाहीत, तर शहरातून येणारे ते रंगीत पोपट हमखास कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात घुसतात. सायकली माझ्या घरापेक्षा महाग, पण डावं-उजवं कळत नाही.

निघताना सेत्तिमिओची बायको एलिदे फाटकापाशी आली. उन्हाळ्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून ती त्याच्यावर कोंबडीसारखी बसून असायची.

“नाझारेनो, उतारावर त्याला आवर. जसा नेतोस तसा परत आणून दे.”

“तो काय पिशवी आहे?”

“पिशवीच समज. फाटली तर गाठ माझ्याशी आहे.”

सेत्तिमिओ हसला. “ऐकलंस का म्हाताऱ्या? मला नीट धर.”

चढ नेहमीसारखाच होता, म्हणजे वाईट. द्राक्षं उतरून महिना झाला होता, वेली उघड्या पडल्या होत्या. कुणीतरी छाटलेल्या फांद्या जाळत होतं. धूर वर जात नव्हता, रस्त्यावरच लोळत होता. पुढं चेस्टनटचं रान लागलं, ओल्या पानांचा आंबूस वास आला, आणि खालच्या दरीतून धुकं आमच्या मागं मागं चढू लागलं. दर वळणाला थांबून मी खांबाला बाण बांधायचो, तेवढ्यात सेत्तिमिओ धाप टाकून घ्यायचा. तो दमलाय असं मी म्हणत नव्हतो, आणि तोही म्हणत नव्हता.

पिएत्राफोस्का डोंगराच्या कण्यावर आहे. वेशीची कमान इतकी अरुंद की दोन गाढवं शेजारी शेजारी जायची नाहीत. फोटो काढायला परके येतात, त्यांना ते लोक कॉफी विकतात. सायकलवाला दिसला की मात्र खिडक्या लागतात. त्या दिवशीही लागल्या. एक, मग दुसरी, मग गल्लीच्या टोकापर्यंत, जणू आमच्या पुढून कुणी सांगत चाललंय. चौकातल्या नळाला त्यांनी फडकं गुंडाळून तार आवळली होती.

कॉफीचं दुकान देल्फिना नावाच्या बाईचं. दार अर्धं उघडून ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“पाणी नाही.”

“डोंगरभर पाणी आहे, तुझ्याकडंच नाही?”

“तुमच्यासाठी नाही. उद्या शंभरजण आणणार आहात म्हणे. तुम्ही त्याला जागं करून जाता, मग आठवडाभर तो आमच्या दारांवरून फिरतो. आल्या वाटेनं परत जा.”

“रस्ता सरकारी आहे, बाई. तुझ्या बापाचा नाही.”

“माझा बाप त्याच रस्त्यावर गेला,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

त्या लाकडी दाराशी मी आणखी थोडा भांडलो. भांडण अर्धं सोडणं मला जमत नाही. वळून पाहिलं तर सेत्तिमिओ पुढं निघाला होता. त्याला त्या गावात थांबायचं नव्हतं.

आता इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण सायकल न चालवणाऱ्याला ती कळायची नाही. आम्ही एकामागं एक चालवतो, चाकाला चाक लावून. पुढच्यानं वारा खायचा, मागच्यानं आडोसा घ्यायचा. पुढचा दमला की तो बोलत नाही, नुसतं उजवं कोपर जरासं बाहेर झटकतो. मग मागचा पुढं येतो. आणि आडोशाला असलेला माणूस रस्ता बघत नाही. तो फक्त पुढचं चाक बघतो. ते वळलं की हा वळतो. रस्त्याचं काय ते पुढचा बघेल, असा भरवसा असतो.

पिएत्राफोस्काच्या उतारावर मात्र कोपर झटकायचं नाही. पुलापर्यंत जो पुढं, तो पुढंच. आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या बापानं मला सांगितलं, त्याला त्याच्या बापानं. का, ते कुणी सांगितलं नाही. विस्तवात हात का घालायचा नाही, हेही कुणी सांगत बसत नाही.

गावाबाहेर कपडे धुण्याचं जुनं टाकं आहे. तिथं मी सेत्तिमिओला गाठलं, त्याच्या मागं लागलो. धुकं आता इतकं दाट होतं की त्याची पाठ आणि त्यापुढं दोन हात रस्ता, एवढंच जग उरलं होतं. रस्ता ओला. त्याच्या मागच्या चाकाचं पाणी माझ्या तोंडावर उडत होतं. चाकांची टकटक ऐकू येत होती, त्याची आणि माझी.

“हळू,” मी म्हणालो.

“हात गारठले… ब्रेक नीट दाबत नाहीत…”

“थांब मग.”

“थांबतो. अक्रोडापाशी.”

अक्रोडाचं लांब उजवं वळण आलं. तिथं खालून वारा अंगावर आला, आणि सेत्तिमिओचं कोपर हललं.

मुद्दाम नाही. चाळीस वर्षं तोंडावर वारा आला की ते कोपर हलत आलंय. झोपेत माणूस कूस बदलतो, तसं. मी जागचा हललो नाही. पुढं गेलो नाही.

पण माझ्या डावीकडून कुणीतरी पुढं गेलं.

आधी वास आला. ओल्या लोकरीचा आणि बंद तळघराचा. मग तो माझ्या बरोबरीला आला. अंगात काळी लोकरीची बंडी, छातीवरून आडवा गुंडाळलेला रबरी टायर, माझ्या आजोबांच्या काळात बांधायचे तसा. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. रस्त्यावर पाणी वाहत होतं, त्याच्या चाकातून थेंब उडत नव्हता. टकटक नव्हती. मी खाली पाहिलं. त्याच्या चाकाच्या तारा एक एक मोजता येत होत्या… चाक फिरतच नव्हतं. आणि तो पुढं जात होता.

तो सेत्तिमिओच्या पुढं जाऊन बसला, आणि सेत्तिमिओनं मान खाली घातली.

“सेत्तिमिओ… तो मी नाही…”

त्यानं ऐकलं नाही. त्या काळ्या पाठीमागं त्याला आडोसा मिळाला होता. दोघांनी वेग घेतला. मी ब्रेक दाबून ओरडत राहिलो. पुढं रस्त्याकडेला मूर्तीची छोटी देवळी आहे, त्या वळणावर रस्ता डावीकडं मुडपून जातो, समोर हातभर उंचीचा कठडा, पलीकडं दरी. ते दोघं उजवीकडं कलले. उजवीकडं रस्ता नाही… मग सेत्तिमिओच्या चाकाची टकटक बंद झाली. पडल्याचा आवाज नाही. दगड घरंगळला नाही. काही नाही.

मी सायकल टाकून कठड्यावरून वाकलो. हाका मारल्या. खाली पांढरं, वर पांढरं. एलिदेला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. शेवटी सायकल हातात धरून पुलापर्यंत पायी उतरलो, लोक बोलवायला.

पुलावर सेत्तिमिओ उभा होता. सायकलला ओरखडा नाही. एक पाय जमिनीवर, मान खाली.

“छान ओढलंस, नाझारेनो,” तो म्हणाला.

“मी तुझ्या मागं होतो.”

“नाही… पुढं होतास.”

“मी तुझ्यासमोर उभा आहे. वर बघ.”

त्यानं वर पाहिलं नाही. पुढच्या चाकाच्या हातभर पुढं रस्ता होता, तिथंच बघत राहिला. हलक्या आवाजात म्हणाला, “थांबलाय… आपल्यासाठी थांबलाय. चल.”

त्याचं हँडल धरून मी त्याला पायी घरी आणलं. एलिदेनं त्याला दोन्ही हातांनी चाचपलं, आणि मला पहिल्यांदाच शिवी न देता आत बोलावलं. संध्याकाळी मी मंडळाच्या अध्यक्षाकडं गेलो आणि फेरी रद्द कर म्हणालो. तो म्हणाला, दारू कमी कर. मग मी परत गेलो आणि त्या बाजूचे सगळे बाण फाडून टाकले. रविवारी पोपट भलत्याच गावात जाऊन उभे राहिले. राहू देत.

सेत्तिमिओ आता सायकल चालवत नाही. डॉक्टर म्हणतात हृदय उत्तम आहे. तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसतो, हात पुढं करून, ब्रेक दाबल्यासारखी बोटं वाकवून, डोळे फरशीवर. बसल्या बसल्या डावीकडं कलतो, मग उजवीकडं. एलिदे म्हणते तोल जातो. मी शेजारी बसून पाहिलं. तोल जात नाही. टाक्याचं डावं वळण, अक्रोडाचं लांब उजवं, मग देवळी… तो उतारच उतरत होता, तिथल्यासारखाच उजवीकडं कलून.

पहिले काही दिवस मला वाटलं, पुलावर पोचला की संपेल. पुलानंतर रस्ता नदीच्या काठानं सपाट आहे, थेट शहरापर्यंत, सुतासारखा सरळ. पण सेत्तिमिओ पूल ओलांडून गेला आणि पुन्हा डावीकडं कलला. मग उजवीकडं. आधीपेक्षा जास्त. रोज नवी वळणं, रोज जास्त तीव्र. आमच्या मुलुखात असा रस्ता नाही. एवढं खाली उतरायला एवढा उंच डोंगरच नाही.

परवा गेलो तेव्हा एलिदे ओट्याशी पाठ लावून उभी होती. तिनं त्याच्या हातांकडं बोट दाखवलं.

त्यानं ब्रेक सोडून दिले होते.