शेवट फुकट मिळणार नाही

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर शिरीष चिकटपट्टी आणायला बाहेर पडला. खोकी बंद करायची ती रुंद, खाकी पट्टी. एरवी तिला कोण विचारतो, पण आखाती युद्धाच्या त्या जानेवारीत सौदीच्या रास तनुरातल्या दुकानदारांनी ती गल्ल्याखाली दडवून ठेवली होती आणि ओळखीच्या गिऱ्हाइकालाच काढून देत होते. इराकचं स्कड क्षेपणास्त्र कधी येईल आणि त्यात विषारी वायू असेल की नसेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून घरोघरी एक खोली वायूबंद करायची पद्धत पडली होती. खिडकीवर प्लास्टिक, फटींवर पट्टी. भोंगा वाजला की सगळ्यांनी मास्क चढवून आत शिरायचं, दार लावायचं, दाराच्या कडांना आतून पट्टी मारायची, खाली ओला टॉवेल ठेवायचा आणि देवाचं नाव घेत बसायचं.

शिरीष मूळचा नाशिकचा. रिफायनरीत पाइपांची गळती शोधणं हाच त्याचा धंदा, तेव्हा त्याच्या घरची वायूबंद खोली काय असेल विचारू नका. या खोलीतून मुंगी तर सोडाच, मुंगीचा सुस्कारासुद्धा बाहेर जायचा नाही, असं त्याचा मित्र इंद्रनील म्हणायचा.

बायकोला, विद्याला, शिरीषने डिसेंबरातच नाशिकला धाडलं होतं. ती फोनवर रोज म्हणायची, या आता परत. तो रोज म्हणायचा, बघू. आणि खरं सांगायचं तर गडी मजेत होता. ड्यूटी कमी, रस्ते मोकळे, आणि गुरुवारी संध्याकाळी मित्रांची बैठक. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. माणसाला आणखी काय लागतं?

बैठकीला चौघं. शिरीष. त्याच्याच खात्यातला पुण्याचा इंद्रनील, अजून लग्न न झालेला आणि म्हणून प्रत्येक गोष्टीवर मत असलेला. दापोलीचा कादिर, ज्याचं बाजारात व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. आणि रत्नागिरीचे मोहियुद्दीन, म्हणजे मोहीभाई. वयाने पन्नाशीपुढचे, एसी दुरुस्त करणारे, पण तरुणपणी मुंबईच्या एका थेटरात डोअरकीपर होते, त्यामुळे जुन्या इंग्रजी सिनेमांत त्यांचा शब्द अखेरचा.

या चौघांना वेड होतं काळ्यापांढऱ्या गुन्हेगारीपटांचं. डोळ्यांवर ओढलेली टोपी, ओला रस्ता, खिडकीच्या पट्ट्यांची भिंतीवर पडलेली सावली, आणि हिरोला गोत्यात आणणारी एक देखणी बाई. गंमत अशी की कादिरच्या दुकानात कॅसेट भाड्याने द्यायची तर आधी तिला कात्री लावावी लागे. बाई उघड्या खांद्यांची दिसली, काप. पेला ओठांना लागला, काप. या सिनेमांत दुसरं असतं काय? बाई दारातून आत यायची, आणि पुढच्याच क्षणी हिरो एकटा उभा राहून रुमालाने गाल पुसत असायचा. मधलं काय झालं, ते चौघांनी वाद घालून ठरवायचं. सिनेमा संपायला तास लागे, वादाला तीन.

त्या आठवड्याच्या सिनेमाला तर शेवटच नव्हता. शेवटचा सगळा प्रसंग दारूच्या गुत्त्यावरच्या माडीत घडत होता, तो कादिरने मुळापासून उडवला होता.

"मी तो थेटरात लागला तेव्हा रोज होतो तिथे," मोहीभाई मिशीत हसत म्हणाले होते. "शेवट असा आहे की झोप लागणार नाही तुम्हाला."

"मग सांगा की."

"शेवट फुकट मिळणार नाही. बांगडा तळून घाला, मग बघू."

मोहीभाईंचा हा कायदाच होता. जेवणाशिवाय त्यांनी कुणाला कधी रस्तासुद्धा सांगितला नसेल. आणि युद्धामुळे होड्या समुद्रात जात नव्हत्या, बांगडा मिळणं म्हणजे लॉटरी. तरी कादिरने कुठूनसे चार मिळवले.

संध्याकाळी शिरीषने ते तळले. विद्याने डब्यात भरून ठेवलेला मसाला, वर रव्याचा थर. घरभर असा वास सुटला की युद्ध कुठे चाललंय तेच कळेना. मोहीभाई मगरिबची नमाज उरकून येणार होते. आले नाहीत. वाट पाहून तिघं जेवले. मोहीभाईंचा बांगडा ताटलीत काढून त्यावर जाळीचं झाकण ठेवलं, आणि त्यांच्यासाठी बाहेरच्या दाराची कडी काढून ठेवली.

"एक लक्षात आलं का?" इंद्रनील बोटं चाटत म्हणाला. "त्या सिनेमांत कुणी जेवतच नाही. नुसती सिगारेट. म्हणून खून करत सुटतात. वेळेवर भात मिळाला असता तर..."

"तुला मिळतो ना? मग तू लग्न का करत नाहीस?" कादिर म्हणाला.

"त्या सिनेमांतल्या बायका बघून."

आणि भोंगा वाजला.

दिवे विझवले. खोलीबाहेरच्या बोळात खिळ्यांवर चार मास्क टांगलेले होते. कंपनीने शिरीषला आणि इंद्रनीलला दिलेले दोन, आणि देश सोडून गेलेल्या एका साहेबाकडून कादिरने त्याच आठवड्यात मिळवलेले दोन कोरे, एक स्वतःचा, एक मोहीभाईंचा. अंधारात चाचपून ज्याने त्याने आपापला ओढला आणि तिघं वायूबंद खोलीत शिरले. शिरीष दार लावणार, इतक्यात बोळातून आणखी कुणीतरी आत आलं. मास्क आधीच चढवलेला. शिरीषच्या खांद्याला हलका धक्का देऊन ते गेलं आणि कोपऱ्यातल्या, मोहीभाईंच्या नेहमीच्या खुर्चीत बसलं.

"मोहीभाई, बरोबर टायमाला पोचलात," मास्कमधून कादिरचा आवाज मडक्यातून आल्यासारखा आला.

मास्कमध्ये सगळेच आवाज तसे. कोण शिरीष नि कोण कादिर, हे बसायच्या जागेवरून ओळखायचं. शिरीषने दाराला पट्टी मारली, आधी वर, मग बाजूंनी, मग नखाने दाबून दाबून. खाली टॉवेल सारला. मेणबत्तीला बंदी होती. टॉर्चवर निळा कागद लावून तो जमिनीवर ठेवला होता. त्या उजेडात फक्त पाय दिसायचे.

लांब कुठेतरी दबका आवाज झाला. प्लास्टिक आत ओढलं गेलं आणि सुटलं.

"काहीतरी बोला," इंद्रनील म्हणाला. "नुसतं बसवत नाही."

"शेवट सांगतो," कोपऱ्यातून आवाज आला.

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. काय सांगावं, तो सांगत होता ते दिसत होतं. माडीवरची खोली. बाहेर जिन्याचा दिवा फडफडतोय. हिरो दार बंद करून आत बसलाय, कारण आज रात्री त्याच्या जिवावर कुणीतरी उठणार आहे. त्याचा एकच जिवलग मित्र, तो मात्र आधीच येऊन बसलाय. कोपऱ्यात, अंधारात. टोपी डोळ्यांवर...

शिरीष भान हरपून ऐकत होता. मग त्याच्या लक्षात आलं की त्याला कसलातरी वास येतोय. ओलसर गाद्यांचा, जुन्या विडीच्या धुराचा, बरेच दिवस बंद असलेल्या थेटराचा. वासाशीच त्याचा रोजचा संबंध. मास्क घातल्यावर वास यायलाच नको. त्याने मास्कच्या कडा चाचपल्या. घट्ट होत्या.

आणि दुसरं. मास्कची झडप प्रत्येक श्वासाला टक् करते. इंद्रनीलची करत होती. कादिरची करत होती. त्याची स्वतःची करत होती. कोपऱ्यातून गोष्ट येत होती... टक् येत नव्हतं.

"...दोघं बोलत बसलेत," आवाज सांगत होता. "आणि मग जिन्यावर पावलं वाजतात. वर येतात. दारावर थाप पडते. आणि बाहेरून त्याच मित्राचा आवाज येतो..."

दारावर थाप पडली.

इंद्रनीलच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. कादिरने शिरीषचा हात धरला.

"शिरीष," बाहेरून धापा टाकत कुणीतरी म्हणालं. "अरे दार उघड. मी मोहियुद्दीन."

"उघडू नकोस," कोपऱ्यातून आवाज आला. शांत. "पट्टी निघाली की हवा आत. सगळे खलास."

"शिरीष, माझा मास्क नाही रे खिळ्यावर... ऐकतोयस ना..."

शिरीषचा हात पट्टीवर होता. बाहेर वायू असेल तर पट्टी काढणं म्हणजे कादिरला, इंद्रनीलला आणि स्वतःला आपल्या हाताने मारणं. आणि मोहीभाई खरंच बाहेर असतील, तर न काढणं म्हणजे त्यांना मारणं. नाशिकला विद्या फोनपाशी बसली असेल. तो वळला. निळ्या उजेडात कोपऱ्यातले पाय दिसत होते. नीट जुळवून ठेवलेले, थेटरात पुढून कुणाला जायला वाट द्यावी तसे.

"सिनेमात..." शिरीषने विचारलं. "सिनेमात तो दार उघडतो का?"

"नाही," कोपरा म्हणाला. "सकाळी मित्र जिन्यात पडलेला सापडतो."

"आणि आतला?"

बाहेर थापा मंदावल्या होत्या. मग दाराच्या फटीशी तोंड नेऊन कुणीतरी अगदी खालच्या आवाजात म्हणालं, "मेल्या, मला सोडून बांगडे संपवलेत ना? म्हणून उघडत नाहीस. कळतं मला."

आणि शिरीषच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोहीभाई आणि न खाता शेवट सांगतील? आत बसलेल्याने शेवट फुकट सांगितला होता.

त्याने एका झटक्यात पट्टी ओरबाडली.

दार उघडलं, मोहीभाई आत कोसळले, कादिरने दार लोटलं, इंद्रनीलने टॉवेल सारला आणि शिरीषने मिळेल तशी, आडवीतिडवी पट्टी मारली. सगळं होईपर्यंत कुणी मागे पाहिलं नाही. मग शिरीषने टॉर्चवरचा कागद काढला आणि उजेड कोपऱ्यात टाकला.

खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर मास्क. खिडकीवरचं प्लास्टिक तसंच ताणलेलं, पट्टीची एक कडासुद्धा सुटलेली नाही.

थोड्या वेळाने इशारा संपल्याचा भोंगा झाला. वायूबियू काही नव्हता. स्कड कुठेतरी वाळवंटात पडलं होतं. सगळ्यांनी मास्क काढले. मोहीभाईंनी पाणी मागितलं, ते प्यायले आणि मग तिघांची तोंडं बघून म्हणाले, "तुम्ही सगळे असे का बसलात? मी एका चेकपोस्टवर अडकलो होतो. सैनिक इकाम्याचं ओळखपत्र उलटंसुलटं करून बघत बसला. भोंगा झाला तसा पळत आलो."

कादिरने त्यांना सांगितलं. मोहीभाईंनी ऐकलं, आणि त्यांच्या मिशीतलं हसू हळूहळू गेलं.

"आम्हाला वाटलं, तुम्हीच शेवट सांगताय," इंद्रनील म्हणाला.

"मी कसा सांगणार? मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"अरे बाबा, मी डोअरकीपर. शेवटाच्या आधी आम्ही बाहेर जातो, दारं उघडायला, पब्लिकला वाट करायला. आयुष्यात एकाही सिनेमाचा शेवट मी बघितलेला नाही." ते थोडे लाजले. "बांगडा खाल्ल्यावर काहीतरी रचून सांगणार होतो."

एरवी या गोष्टीवर तासभर हसले असते. आता तिघांनी एकदमच मोहीभाईंच्या पाठीवर, हातावर हात ठेवला, जणू ते खरंच ऊन ऊन आहेत याची खात्री करून घ्यावी. मग कादिरलाच हसू फुटलं, मग इंद्रनीलला. चौघं जिवंत होते, अंगात घाम होता, आणि घराला अजून तळलेल्या मसाल्याचा वास होता. शिरीषला वाटलं, आज विद्या फोनवर काहीही म्हणाली तरी तिचं सगळं खरं म्हणायचं.

तो खुर्चीवरचा मास्क टांगायला उचलू लागला आणि तसाच थांबला. मास्कच्या गाळणीला खालून रबरी बूच असतं. ते काढल्याशिवाय मास्क घातला तर हवेचा कणही आत येत नाही, माणूस मिनिटा-दोन मिनिटांत गुदमरतो. कंपनीच्या माणसाने हे त्यांना पढवून पढवून सांगितलं होतं. मोहीभाईंचा मास्क अजून कोरा होता. बूच जागच्या जागी. बुचावरचा कारखान्याचा कागदसुद्धा फाटलेला नव्हता. आणि बाकी तिघांच्या काचा वाफेने धुरकटल्या होत्या, याची काच आरशासारखी स्वच्छ.

शिरीषने मास्क खिळ्याला अडकवला आणि हात लेंग्याला पुसले.

"यल्ला, आता माझा बांगडा," म्हणत मोहीभाई स्वयंपाकघरात गेले. झाकण उचलल्याचा आवाज आला.

"शिरीष," त्यांनी हाक मारली. "ही काय थट्टा?"

तिघं गेले. ताटलीत डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा काटा पडला होता, फणीसारखा साफ, मांसाचा एक धागाही न राहिलेला. बाजूला पिळलेली लिंबाची फोड नीट पालथी ठेवलेली.

"मांजर आलं असेल," कादिर म्हणाला.

"आणि जाताना झाकण ठेवून गेलं?" मोहीभाई म्हणाले.

शिरीष त्या काट्याकडे बघत राहिला. म्हणजे शेवट फुकट सांगितलेला नव्हता. आधी चुकतं झालं होतं.

त्यानंतरही बैठक सुटली नाही, उलट चौघं गुरुवारी वेळेआधीच जमायला लागले. मासे मिळाले की शिरीष एक जास्तीचा तळायचा आणि तो कुणासाठी, हे कुणी विचारायचं नाही. फक्त कादिर नवी कॅसेट घेऊन आला की तिघं एकदमच विचारायचे, हिला शेवट आहे ना?

असेल तर लावायची. पण कादिरच्या दुकानात शेवट कापलेल्या कॅसेटी अजून फळीभर पडून होत्या.