जुन्या भट्टीची शेवटची खेप

सौंसरजवळच्या कार्बाइडच्या कारखान्यात जुन्या भट्टीची त्या सकाळी शेवटची खेप निघणार होती. दुपारी गॅसकटरवाले ती कापून भंगारात न्यायला यायचे होते. गायत्री नेहमीसारखी मोहगावहून पाळीवर आली होती.

याच भट्टीवरचे जुने कारागीर यशवंतराव यांनी तिला काम शिकवलं. दाबून आकार दिलेली कार्बाइडची भुकटी खडूसारखी ठिसूळ. नख लागलं तरी ओरखडा. ती आत रचायची, हवा पार उपसून घ्यायची आणि मग ताव द्यायचा. तुकडे आक्रसून पोलाद कापण्याइतके कठीण होऊन निघत. यशवंतराव एकेक तुकडा कानाशी धरून वाजवायचे. खणखणला की "बरा हाय पोट्टा," म्हणायचे. बद्द वाजला तर मुकाट्याने ट्रेच्या कडेला उलटा ठेवायचे. संत्र्याच्या दिवसांत खिशातलं संत्रं सोलून अर्ध्या फोडी तिला देत. गेल्या उन्हाळ्यात ते वारले आणि तुकडे वाजवायचं काम तिच्याकडे आलं.

त्या सकाळी भट्टी निवत होती. दार घट्ट बंद, आत हवेचा लेश नाही. आणि आतून आवाज आला. टिण. थोडं थांबून पुन्हा, टिण.

"मयूरभाऊ, ऐकू येऊन राहिलं का?"

पाळीचा सुपरवायझर मयूर मान वर न करताच म्हणाला, "लोखंड थंडं होऊन राहिलं, बाई. वाजतेच."

टिण. टिण. मग एक बद्द आवाज. नंतर काहीच नाही.

आत हवा सोडून त्यांनी दार उघडलं. ट्रे जसेच्या तसे होते. फक्त एक तुकडा कडेला उलटा पडला होता. गायत्रीने तो वाजवला. बद्द. मयूरने भिंगाखाली धरला. केसासारखी चीर होती.

"भरताना तूनंच ठेवला असशीन," तो म्हणाला.

"ट्रे त तुमीच भरले होते, भाऊ."

मयूरने तुकडा ट्रेवर ठेवला. खेप उतरवून तो फाटकाकडे निघून गेला.

रिकामी भट्टी उघडी टाकायची नाही, हा यशवंतरावांचा नेम. गायत्रीने दार लावलं, पंप चालवला. दाबाचा काटा तळाला जाऊन टेकला, आत हवा उरली नाही.

तिने दारावर तळवा ठेवला.

"झालं, काका. आता घरी जा."

दारातल्या काचेवर वाफ धरली.

तिने ती बाहीने पुसली. पुसली गेली नाही.

वाफ आतून होती. हळूच विरली, आणि पुन्हा धरली.