बिनविरोध नको!

भिंतीवर फोटो टांगताना शिडी डुगडुगली, तशी रुचिराने खाली न बघताच दम दिला, "अहो, नीट धरा ना!"

"धरून तर राहिलो!" खालून आवाज आला. "पण फोटोतल्या ह्या कोण? माजी अध्यक्षांच्या बायका काय?"

प्रश्न भाबडा, पण चुकीचा नव्हता. मदन महल वस्तीतल्या त्या मराठी मंडळाच्या भिंतींवर आजवर टोपीवाले अध्यक्षच टांगलेले.

"पहिल्या लोकसभेतल्या खासदार आहेत. निवडून आलेल्या," रुचिरा म्हणाली.

"सॉरी, दीदी."

"दीदी काहून? इतिहास शिकवते म्हणून काय म्हातारी झाली?"

"नहीं जी... बिलकुल नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तेवढ्यात अण्णा आले. मंडळाचा कारभार चाळीस वर्षं अण्णांच्याच तोंडून चाले. "हा सुमेध. तिकडे रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत याचा छोटा कारखाना आहे. यंदाचा आपला अध्यक्ष, बिनविरोध!"

मंडळात निवडणूक अशीच व्हायची. अण्णा नाव घेत, बाकीचे टाळ्या वाजवत. रुचिरा एकेक पायरी उतरली. "अण्णा, मीपण उभी राहते."

मग जानेवारीच्या उन्हात प्रचार सुरू झाला. ओसरी-ओसरीवर बायका मटार सोलत बसलेल्या. रुचिराही त्यांच्यात बसून सोलायची.

"मत कोणाला द्यायचं, ते ह्यांना विचारून सांगते," एक काकू म्हणाल्या.

"काकू, पहिल्या निवडणुकीत लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको! मग कटलीच ना नावं यादीतून. तुमचं तर आहे. आता काहून विचारता?"

कोपऱ्यावर सुमेध भेटायचाच.

"कोणती गल्ली हरून आलात?" ती विचारायची.

"तुमचीच. चहा मला पाजतात, अन् तारीफ तुमची करतात." मग हळूच, "...मीपण केली थोडी."

ती हसू दाबत स्कूटर सुरू करायची. ती मेली पहिल्या किकला कधी सुरू व्हायची नाही, आणि त्याचं तिला हल्ली वाईटही वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी तो मोठ्या खुशीत आला. "मी नाव मागे घेतलं. तुमच्यासाठी."

रुचिराचा चेहरा उतरला. "त्या फोटोतल्या बायका गावोगाव धूळ खात फिरल्या, टोमणे ऐकले, मतं मागितली. कोणी खुर्ची पुसून नव्हती दिली त्यांना. अन् तुम्ही मला बिनविरोध करून राहिले?"

"मला वाटलं, तुम्ही खूश..."

"लढून हरले असते ना, तरी खूश असते!" डोळे भरायच्या आत ती निघून गेली.

सकाळी सुमेधने अण्णांचं दार वाजवलं आणि नाव पुन्हा उमेदवारांत घातलं. मग असा झपाटून फिरला, की रुचिराची सख्खी मावशीसुद्धा त्याच्याकडे वळली! रुचिराचा जळफळाट झाला... आणि रात्री छान झोपही लागली.

मतदान झालं. चिठ्ठ्या मोजता मोजता अण्णांना घाम फुटला. रुचिरा जिंकली, अगदी काठावर.

गर्दी पांगल्यावर सुमेध मंडळाच्या पायरीपाशी आला. "अभिनंदन, अध्यक्ष मॅडम."

"खरं सांगा. मत कोणाला दिलं?"

तो घुटमळला. "...स्वतःला. बुरा मत मानना. तुम्ही लढून राहिल्या होत्या, तर मीपण..."

रुचिराने या वेळी हसू दाबलं नाही. इतक्या दिवसांत त्याने तिला एवढं गोड काही म्हटलं नव्हतं.

"सुमेध," ती म्हणाली, "चल घरी. आईला सांगायचंय, ज्याला हरवलं, तोच आवडलाय."