वाल्मोरेदाची हजेरी

सोरियाहून वाल्मोरेदाला एरवी पाऊण तासात पोचता येतं. त्या रविवारी कासिल्दाला दोन तास लागले. शनिवारी संध्याकाळपासून बर्फ पडत होतं आणि रस्ता मोकळा करणाऱ्या यंत्रामागून मुंगीच्या पावलांनी गाडी न्यावी लागत होती. शेजारी प्रांताच्या कचेरीतला लेआन्द्रो मांडीवर फाइल घेऊन बसला होता. तिशीचा असेल, बूट शहरी, स्वभाव भला. प्रत्येक वळणाला तो दाराची मूठ घट्ट धरायचा आणि वळण संपलं की बाहेरच्या देखाव्याची तारीफ करायचा. बाहेर पांढऱ्याशिवाय काहीच दिसत नव्हतं.

कासिल्दा चार गावांची चिटणीस. बावीस वर्षं ती एकेका गावाचा वार सांभाळून दाखले देत होती, सभांची इतिवृत्तं लिहीत होती, म्हाताऱ्यांना डॉक्टरांच्या वेळा घेऊन देत होती. चारही गावं मला सारखीच, असं ती म्हणायची खरी. पण वाल्मोरेदा तिच्या आईचं गाव, आणि तिथे तिचा जीव जरा जास्तच अडकलेला होता. आई चार वर्षांपूर्वी गेली. वरच्या विहिरीजवळचं घर तेव्हापासून बंद होतं आणि त्याची किल्ली कासिल्दाच्या पर्समध्ये होती. ते विकायचं की ठेवायचं, हा विषय ती स्वतःशीसुद्धा काढत नसे.

आता तर गावच राहतं की जातं, असं झालं होतं. प्रांताने वाल्मोरेदा शेजारच्या मोठ्या गावाला जोडून टाकायचं ठरवलं होतं. ते थांबवायचा एकच मार्ग होता, गावसभा. गावच्या यादीत सव्वीस घरं. त्यांतल्या चौदांनी हजेरी देऊन नकार सांगितला, तर गाव स्वतंत्र राहणार. चूल पेटत होती फक्त नऊ घरांत. सारागोसा आणि बिल्बाओ शहरांकडे गेलेल्या सात घरांनी येतो म्हणून शब्द दिला होता, तेव्हा सोळा नक्की, अशी कासिल्दाने मनाची समजूत घातली होती. रविवारी सकाळी आठपासून तिचा फोन वाजू लागला. खिंड बंद आहे, परत फिरतोय, माफ कर. सातव्या फोनला तिने नाव न बघताच "कळलं" म्हटलं.

लेआन्द्रोला हजेरी मोजायला पाठवलं होतं. नऊच भरणार हे त्यालाही कळून चुकलं होतं. मला मनापासून वाईट वाटतंय, असं तो गाडीतून उतरताना म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं.

गावचा सरपंच सातुर्यो एक्याऐंशी वर्षांचा. त्याच्या स्वयंपाकघरात लसणाचं सूप उकळत होतं आणि चुलीपाशी नव्वदीची बासिलिसा शाल गुंडाळून बसली होती. तिने लेआन्द्रोचे ओले बूट बघितले, त्याला चुलीजवळ ओढलं, सुपात दुप्पट पाव कुस्करून घातला आणि तो संपेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिली. सोरियात तुम्हाला जेवायला घालत नाहीत का, असं तिने दोनदा विचारलं. लेआन्द्रो हसत होता, खात होता आणि ज्या गावाचा शेवट बघायला आलो त्याच गावाचं सूप पितोय म्हणून अवघडत होता. मग चर्च बघून येतो म्हणून तो बाहेर पडला.

कासिल्दाचं सूप तसंच होतं. "आईच्या वळणावर गेलीस," बासिलिसा म्हणाली. "तीही काळजी करून करून सूप थंड करायची."

कासिल्दाच्या मनात वेगळंच काही घोळत होतं. हरकतीच्या अर्जाला जोडायला म्हणून गेल्या हिवाळ्यात तिने गावाचा इतिहास लिहून काढला होता. बाराव्या शतकात राजाने वसवलेली मेंढपाळांची सव्वीस घरं. लोकरीने दिलेले सुखाचे दिवस आणि त्या दिवसांत बांधलेली चर्चची दगडी ओसरी. पंधराशे नव्व्याण्णवची प्लेग. फ्रेंच सैन्याने जाळलेली खालची आळी. गायरानं लिलावात गेली ते वर्ष. यादवी युद्ध, ज्याच्याबद्दल बासिलिसा अजूनही आवाज खाली करूनच बोलते. मग वीज आली, शाळा बंद झाली, तरुण निघून गेले. आणि या सगळ्यातून दर जानेवारीत भरलेली गावसभा, 'घंटा वाजवून, ओसरीत, जशी आमची रीत आहे तशी'.

रीत साधी होती. चिटणिसाने घरांची नावं वाचायची आणि प्रत्येक घरातल्या एकाने 'हजर' म्हणायचं. एका आवाजाला एकच घर. वाचताना चिटणिसाने कागदावरून मान वर करायची नाही. कोण फाटक्या कपड्यांत आलं, कोण पिऊन आलं, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, हे त्याने बघायचं नाही. घर आलं की नाही, एवढंच ऐकायचं. मान वर झाली की सभा मोडली. आणि चिटणीस स्वतः गावचा असला तरी आपल्या घरासाठी त्याने बोलायचं नाही.

जुन्या इतिवृत्तांत बहुतेक वर्षी काही नावांपुढे 'उत्तर नाही' असं लिहिलेलं होतं. पण तीन सभा तिला वेगळ्या सापडल्या. प्लेगनंतरच्या जानेवारीत सव्वीसच्या सव्वीस घरं हजर होती. चर्चच्या मृत्यूंच्या वहीप्रमाणे तोवर एकोणीस घरांत माणूस उरला नव्हता. फ्रेंच येऊन गेले त्या वर्षी निम्मं गाव मारलं गेलं होतं आणि हजेरी सव्वीस. गायरानं जायची होती तेव्हाही सव्वीस. गावच्या जिवावर बेतलं की यादी भरायची. कासिल्दाने त्याचा सरळ अर्थ लावला, चिटणिसांनी मायेपोटी खोटं लिहिलं. इतिहासात तिने हे घातलं नाही. त्या चिटणिसांना नावं ठेवायला तिची जीभ रेटेना, पण न ऐकलेल्या गोष्टीवर आजवर तिने कधी सही केली नव्हती. आज बरोबर अधिकारी नसता तर आपण काय केलं असतं, हे तिला कळत नव्हतं आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

तिने ते सातुर्योला सांगून टाकलं.

"तू वाच," तो म्हणाला. "फक्त सावकाश वाच, पोरी. प्रत्येक नावापाशी जरा थांब."

"कशासाठी थांबायचं?"

"लांबून यायला वेळ लागतो."

खिंड बंद आहे, कुणी येणार नाही, असं ती त्याला दुसऱ्यांदा समजावू लागली. सातुर्यो टोपी शोधत होता. बासिलिसा काठी घेऊन उठली आणि दारापाशी वळून म्हणाली, "आम्ही नऊ जण पुढच्या बाकावर बसतो. मागे जागा मोकळी ठेवा, म्हणजे झालं."

बारा वाजता सातुर्योने घंटा वाजवली. आभाळ निवळलं होतं. ओसरीच्या खांबांमधून ऊन आत आलं होतं आणि बर्फावरून उलटून डोळ्यांत जात होतं. टेबलाच्या एका टोकाला कासिल्दा बसली, दुसऱ्या टोकाला लेआन्द्रो. पुढच्या बाकावर नऊ जण दाटीवाटीने बसले, शाली, टोप्या, काठ्या. मागे थेट भिंतीपर्यंत दगडी फरशी रिकामी होती. कासिल्दाने यादी पुढ्यात ओढली, मान खाली घातली आणि सुरुवात केली.

पहिलं घर सातुर्योचं. "हजर."

दुसरं बासिलिसाचं. "हजर."

तिसरं लोहारांचं. ते एकोणीसशे चौसष्टपासून बंद होतं, छप्पर कधीच बसलेलं. सातुर्योने सांगितलं होतं म्हणून ती थांबली. पाच श्वास थांबली. मग 'उत्तर नाही' लिहायला तिने पेन टेकवलं.

"हजर."

पुरुषाचा आवाज, घोगरा, नुकताच झोपेतून उठल्यासारखा. मागून आला होता. सातांपैकी कुणीतरी खिंडीतून चालत आलं, हा तिचा पहिला विचार, आणि तिला एवढा आनंद झाला की अक्षर वाकडं आलं. लोहारांचं कोण बरं असेल? धाकटा नातू तर नव्हे?

चौथं घर वस्तीचं. पाचवं आणि सहावं बंद. तिन्हींनी उत्तर दिलं.

आता मागे फरशीवर पावलं वाजत होती. बुटांची नव्हती, लाकडी तळ कसे वाजतात तशी, सावकाश, एकामागून एक. ओसरीत ओल्या लोकरीचा वास पसरला, मग धुराचा, मग मेंढ्यांचा. वाल्मोरेदात शेवटचा कळप विकला त्याला तीस वर्षं झाली होती.

कासिल्दाने बोट पुढच्या नावावर ठेवलं. ती वाचत राहिली. एका बाईने उत्तर दिलं ते कडेवर मूल असल्यागत, मधेच त्याला गप्प करत. एकाने 'हजर' हा शब्द असा उच्चारला की तो तिने फक्त जुन्या कागदांवर तसा लिहिलेला पाहिला होता. कुणी घाई केली नाही. कुणी दोनदा बोललं नाही.

चौदावं घर झालं. गाव वाचलं होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि अक्षरं पुसट झाली. तिने बाहीने डोळे पुसले, मान खालीच ठेवून.

एकविसावं नाव आईच्या घराचं होतं.

ते येणार हे तिला माहीत होतं. तिने ते कसंबसं वाचलं. या घरासाठी बोलणारं कुणी नव्हतं. ती थांबली. मागची पावलं थांबली. छपरावरून वितळलेलं पाणी ठिबकत होतं.

"हजर."

आणि त्याच्यामागोमाग छोटासा खोकला. थंडीत आई नेहमी खोकायची तो, तोंडावर मूठ धरून.

कासिल्दाला मान वर करायची होती. आयुष्यात दुसऱ्या कशासाठी तिचा जीव एवढा तुटला नव्हता. टेबलापासून सात-आठ पावलांवर आई उभी होती. एकदा बघितलं असतं तर सभा मोडली असती, बस, एवढंच.

तिने टेबलाची कड धरली आणि बाविसावं नाव वाचलं.

सव्विसावं संपल्यावर तिने विचारलं, गाव जोडून द्यायचं का. सगळ्यांनी एकदम उत्तर दिलं. "नाही." तो आवाज नऊ जणांचा नव्हता.

मग लाकडी पावलं वाजली, कमी होत गेली.

सगळं शांत झाल्यावर कासिल्दाने मान वर केली. पुढच्या बाकावर नऊ जण होते तसेच बसले होते, हात मांडीवर, सगळ्यांचे डोळे खाली. बासिलिसाचे गाल ओले होते. त्यांच्यामागे उन्हातली मोकळी फरशी.

लेआन्द्रो लिहीत होता. शेवटची रेघ ओढून त्याने इकडेतिकडे बघितलं, आणि कासिल्दा दिसताच त्याचा चेहरा खुलला.

"अहो बाई, होतात कुठे तुम्ही?" तो म्हणाला. "मला काळजी लागली होती. सव्वीस भरले! तुमचं गाव राहिलं."

"मी इथेच होते," कासिल्दा म्हणाली. "मीच वाचलं ना."

तो गमतीने हसला. "वाचलं तुमच्या जागी बसलेल्या त्या काळ्या डगल्यातल्या आजोबांनी. काय सुंदर वाचतात. त्यांची सही तेवढी राहिली, निघून गेले वाटतं." त्याने बोटांवर फुंकर मारली. "सतरा माणसं डोळ्यांनी मोजली. नऊ आवाज कुठून आले ते दिसलं नाही, पण ऐकू स्वच्छ आले, म्हणून धरले. तुमची रीतच तशी आहे ना, ऐकायचं."

बाकावरून सातुर्यो लेआन्द्रोच्या तोंडाकडे बघत होता.

"सातुर्यो आजोबा आणि त्या सूपवाल्या आजी मात्र आल्याच नाहीत," लेआन्द्रो म्हणाला. "आजींना थंडी बाधली असेल. जाताना भेटून जाऊ या. आणि बाई, पुढच्या वेळी लोकांना सांगा, एवढी म्हातारी माणसं मागे ताटकळत उभी, आणि पुढचा बाक अख्खा रिकामा."

हातमोजे घालायचे म्हणून त्याने फाइल त्या बाकावर ठेवली. ती बासिलिसाच्या मांडीवर तिरकी टेकली. घसरून पडू नये म्हणून बासिलिसाने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.