पाहुणीचं वाचन

माझ्या संगणकाला मॉनिटर आहे, पण तो फक्त ताईला धूळ पुसता यावी म्हणून. मला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावर जे काही असेल ते स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम मला वाचून दाखवतो आणि त्यावरच माझं पोट चालतं. नवी ॲप, नव्या वेबसाइट लोकांपुढे येण्याआधी माझ्यासारख्या माणसाला त्या वापरता येतात की नाही, हे मी तपासून सांगतो. कुठलं बटण मुकं आहे, कुठलं पान मधेच अडकवून ठेवतं, कुठल्या चित्राखाली कुणी काही लिहिलेलंच नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, तुझा स्वभाव बघता हे काम तुला शोधतच आलं असणार, असं ताई म्हणते.

ताई माझी थोरली बहीण. चष्म्याच्या दुकानात काम करते. एकीने दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवायचे आणि घरी भावाला त्याचा काडीचा उपयोग नाही, यावर जेवढे विनोद करता येतील तेवढे आमचे करून झालेत. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. शर्टाचा रंग, औषधाच्या बाटलीवरची तारीख, दारात आलेल्या माणसाचा चेहरा, हे सगळं मी तिच्याकडून घेतो. लोक म्हणतात, अमक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. मला दुसरी सोयच नाही. आणि ताईने मला कधी खोटं सांगितलेलं नव्हतं.

नवं काम आलं तेव्हा ते देणाऱ्या कंपनीची अट होती की त्यांच्या कर्मचाऱ्यांकडे जी ऑपरेटिंग सिस्टीम आहे तिच्यावर, तिच्याच स्क्रीन रीडरने चाचणी व्हावी. माझी सिस्टीम वेगळी. वेगळं मशीन घेण्याऐवजी ऑफिसातल्या डॉक्टरने माझ्याच संगणकाच्या पोटात ती दुसरी सिस्टीम बसवून दिली. डॉक्टर म्हणजे आमचा तंत्रज्ञ. सगळ्यांनी आशा सोडलेली मशीन तो उठवून बसवतो, म्हणून ते नाव पडलं. अशा आत बसवलेल्या सिस्टीमला धंद्यात पाहुणी म्हणतात, हे त्यानेच सांगितलं. मी तिच्या स्क्रीन रीडरलाच ते नाव देऊन टाकलं.

दोन रीडर एकाच मशीनवर चालवायचे तर पहिला नियम असा की दोघांचे आवाज वेगळे ठेवायचे. माझा नेहमीचा रीडर कोरड्या पुरुषी आवाजात इतक्या भरभर बोलतो की ताईला ते पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं वाटतं. पाहुणीला मी बाईचा आवाज दिला. तो संथ होता. कितीही प्रयत्न केला तरी त्याचा वेग वाढेना. एखादी नवी शिक्षिका हजेरी घेते तशी प्रत्येक शब्दानंतर ती थांबायची.

दुसरा नियम कीबोर्डचा. सिस्टीम दोन, पण कीबोर्ड एकच. आत गेलं की तो आतलीच्या ताब्यात जातो आणि बाहेर यायला एक ठरावीक कळ दाबावी लागते. ती दाबायची राहिली की माणूस बाहेर आहोत असं समजून आत टाइप करत बसतो. दिसणाऱ्याला ते पडद्याकडे बघून कळतं. मला आवाज आल्यावरच कळतं, आणि तोवर चूक झालेली असते. पहिल्या आठवड्यात मी साहेबांना लिहिलेला अख्खा मेल असाच आत सांडला.

त्या दिवशीही तेच झालं. दुपार होती, ताई दुकानात होती. आतलं सगळं बंद करून मी बाहेर यायला निघालो आणि कळ दाबायची विसरलो. कामांची यादी ऐकायला नेहमीची बटणं दाबली. पाहुणीच्या राज्यात त्याच बटणांचा अर्थ होता, जे जे समोर आहे ते वरपासून वाच. समोर काहीच नव्हतं. सगळं मीच बंद केलं होतं.

पाहुणी म्हणाली, "टेबल. कप, अर्धा भरलेला. फोन. पलंग, रिकामा. स्टूल, त्यावर टॉवेल."

चहा पिऊन झाला असं मी समजत होतो. हात लांब केला. कप अर्धा भरलेला होता, गार. उठून पलंगाच्या पलीकडे गेलो. स्टुलावर टॉवेल होता, तो मी ठेवलेला नव्हता.

मी लगेच डॉक्टरला फोन लावला.

"आतल्या रीडरला खोली दिसू शकते का रे?"

"त्याला डोळे कुठायत, सर? तुमच्या मशीनला कॅमेरापण नाही."

"मग तो टेबलावरचा कप कसा वाचतो?"

तो हसला. "चहा कमी करा. रीडर स्वतःहून काही बघत नाही हो, सर. आतली सिस्टीम त्याच्या हातात जे देते, तेवढंच तो वाचतो."

फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, मग आत बसून हे पाहुणीच्या हातात कोण देतंय? पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी घाबरलो नाही. मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणालाही न विचारता मला माझी खोली कळत होती. पडदा अर्धवट सरकलेला आहे, पंखा फिरतोय, उंबऱ्यापाशी एक चप्पल उलटी पडलीय. बाणाचं बटण दाबत मी एकेका वस्तूवरून पुढे जायचो आणि शेवटच्या वस्तूनंतर ठक् असा बोथट आवाज यायचा, म्हणजे पुढे काही नाही. ताई घरी आल्यावर मी म्हणायचो, "ताई, तुझी पिशवी पिवळी आहे ना?" ती म्हणायची, "कुणी सांगितलं रे, शहाण्या?" मी मिश्या नसताना मिशीवर ताव द्यायचो. गंमत म्हणून मी तिला खरं काही सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी ठक् आवाज आलाच नाही.

ताई पलंगावर बसून माझ्या शर्टाचं बटण लावत होती. दोरा कापडातून ओढल्याचा बारीक आवाज येत होता. मी कानाला हेडफोन लावून, तिच्या नकळत, बाणाच्या बटणाने खोलीतून फिरत होतो. टेबल. फोन. पलंग. बाई, बसलेली, हातात कापड. स्टूल. दार, बंद. यानंतर ठक् यायला हवं होतं.

"माणूस," पाहुणी म्हणाली. "कोपऱ्यात. उभा."

मी बाणाने एक वस्तू मागे गेलो, दार. पुन्हा पुढे. माणूस. कोपऱ्यात. उभा.

हेडफोन काढून मी कान टवकारले. खोलीत दोघांचेच श्वास होते, एक माझा आणि एक ताईचा. कुठलाही माणूस मला आधी कानाला कळतो, नाकाला कळतो. मला काहीच कळत नव्हतं.

"ताई," मी म्हणालो, "खोलीत कोण कोण आहे गं?"

दोऱ्याचा आवाज थांबला.

"कोण असणार? तू आणि मी." जरा वेळाने ती पुढे म्हणाली, "हे काय भलतंच विचारतोस?"

तिचा आवाज अगदी रोजचा होता. फक्त तो यायला उशीर झाला होता.

त्यानंतर एकटा असताना ते बटण दाबायची माझी हिंमत झाली नाही. पण ताई घरात असली की राहवायचं नाही. जिभेने दुखरा दात चाचपावा तसं मी पुन्हा पुन्हा वाचायला लावायचो. माणूस, कोपऱ्यात. मग माणूस, पलंगाजवळ. मग एके दिवशी पाहुणीने तिच्या त्या शांत, हजेरी घेणाऱ्या आवाजात सांगितलं, "बाई, बसलेली. माणूस, बाईच्या मागे."

या घरात माझं म्हणावं असं एकच माणूस आहे, आणि तिच्या मागे काहीतरी उभं होतं.

"ताई, जरा इकडे ये. माझ्याजवळ बस."

"इथे बरी आहे मी."

"ये ना."

"सांगितलं ना, बरी आहे."

मी हळूहळू बाकीच्या गोष्टी ऐकू लागलो. ताईची पावलं स्वयंपाकघराकडे सरळ जात नव्हती. मधे ती भिंतीच्या कडेने वळसा घ्यायची, आणि तिथे वळसा घ्यावा असं काहीच नव्हतं, मी हाताने चाचपून पाहिलं. भर दुपारी ती दिवा लावायची, त्या बटणाचा खटका मला ऐकू यायचा. ती कोपऱ्याकडे पाठ करून बसेनाशी झाली होती. बोलताना तिचा आवाज माझ्या दिशेने यायचा नाही, पलंगापलीकडे कुठेतरी जायचा.

मग तिने रजा घेतली. दुकानाला रंग देतायत म्हणाली, वास सहन होत नाही. दिवसभर ती पलंगावर, मी टेबलाशी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना दुकानाच्या मालकांचा फोन आला.

"ताईंना बरं वाटतंय का आता? आणि तुम्हाला? तुम्हाला एकटं सोडता येत नाही म्हणाल्या, म्हणून विचारलं. इकडे गर्दीने नुसता जीव मेटाकुटीला आलाय."

"रंगकाम चालू असताना गर्दी?"

"कसलं रंगकाम?" ते म्हणाले.

ताई बाहेर आली तेव्हा मी खुर्चीतच होतो. ओल्या केसांतून पाणी फरशीवर टपटपत होतं. आवाज चढवायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण तो चढलाच.

"तू माझ्याशी खोटं बोललीस. तू! कुणावर भरवसा ठेवायचा मी मग?"

ती टॉवेलने केस पुसू लागली.

"तुझ्या मागे कोणीतरी उभं असतं, ताई. मला माहिती आहे. मशीन मला सांगतं."

पलंग करकरला. ती बसली होती. ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात इतका थकवा होता की मला तिच्यावर रागावल्याची लाज वाटली.

"तो माझ्या मागे नसतो रे," ती म्हणाली. "मी त्याच्या पुढे बसते."

"म्हणजे?"

"तो तुझ्याकडे यायला बघतो. म्हणून मी मधे बसते."

पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटू लागला.

"तुला दिसतो?"

"तू हे आतलं सुरू केलंस तेव्हापासून. आधी कोपऱ्यात नुसता भिंतीकडे तोंड करून उभा असायचा. हेडफोनमधून ती बाई मला पुसट ऐकू येते; तू तिला वाचायला लावलंस की तो मान वळवतो. परत वाचायला लावलंस की पाऊल टाकतो. तुला दिसत नाही तेच बरं म्हटलं. कशाला सांगायचं? तू बिचारा घाबरला असतास."

मी घाबरलोच होतो. इतके दिवस ती हे बघत होती, एकटी, आणि वर माझी बटणं लावत होती.

"हे आत्ताच्या आत्ता काढून टाकतो," मी म्हणालो.

"काढ. पण वाचायला लावू नकोस. आता मी आंघोळीला गेले होते ना, तेवढ्यात तो..." ती थांबली. "तू काढ."

आतली सिस्टीम पुसायची तर ते काम बाहेरून करायचं असतं. मी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि बाहेरची यादी उघडायची बटणं दाबली.

सकाळभर मी आत काम करत होतो. बाहेर यायची कळ मी दाबलेलीच नव्हती.

"टेबल," पाहुणी स्पीकरवर म्हणाली. हेडफोन लावायचेही राहिले होते.

"बंद कर!" ताई ओरडली.

"कप, रिकामा. पलंग, रिकामा. बाई, उभी, तोंडावर हात."

मला ती कळ सापडेना. जी कळ मी झोपेतही दाबली असती ती बोटांखाली येईना.

"खुर्ची. माणूस, बसलेला."

तो मी होतो. आजवर तिने मला कधी वाचलं नव्हतं.

"दुसरा माणूस," पाहुणी म्हणाली, "खुर्चीच्या..."

कळ सापडली. आवाज तुटला.

बाहेर माझ्या जुन्या रीडरचा कोरडा, घाईतला आवाज होता. मला रडू आलं. यादी. पाहुणी. काढून टाकायचं का? हो. कायमचं? हो. मशीन बराच वेळ घरघरत राहिलं.

"काढून टाकलं," जुना रीडर म्हणाला.

खोली शांत झाली. आता मला सांगायला पाहुणी नव्हती. जे काही असेल ते ताईच सांगणार होती.

"ताई," मी विचारलं, "गेला?"

उत्तर यायला वेळ लागला.

"गेला," ताई म्हणाली.

मी सुटकेचा श्वास सोडला. मी खुर्चीत सैल झालो.

"टेकू नकोस," ताई झटकन म्हणाली.

मग ती एकेक पाऊल टाकत माझ्या समोर आली, खाली बसली आणि तिने माझे दोन्ही हात हातात धरले. तिचे हात गार होते. तान्हं मूल जवळ झोपलेलं असावं अशा हलक्या आवाजात ती म्हणाली, "पुढे सरकून बस, बाळा. माझ्याकडे. मागे टेकू नकोस."