ठेच्याला आग समजणारा भोंगा

शाल्मलीची भीती दर वेळी तिच्या घराच्या थोडी आणखी जवळ येत होती आणि ती का येते आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

पहिल्या वेळी शाल्मली एमआरआयच्या (मोठं चुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीराच्या आतलं चित्र काढण्याची पद्धत, दुखत अजिबात नाही) बोगद्यापर्यंत पोचली होती. खांद्यापर्यंत आत गेली आणि “बाहेर काढा” म्हणाली. दुसऱ्या वेळी त्या खोलीच्या दाराशीच हातपाय गार पडले. तिसऱ्या वेळी तर ती घरीच होती, बूट घालत होती. डाव्या बुटाची लेस बांधेपर्यंत छाती अशी धडधडायला लागली की उजवा बूट त्या दिवशी घातलाच गेला नाही. मधल्या काळात यंत्राने तिचं काहीही वाकडं केलं नव्हतं. ते जागचं हललंसुद्धा नव्हतं. मग भीती वाढली कशी?

शाल्मली अकरा वर्षांची. मल्लखांबाच्या टोकावर, बोंडावर, एका पायावर उभी राहणारी मुलगी. तिला कसली आलीय भीती, असं सगळे म्हणत. ही बातमी भीतीला मात्र कोणी कळवली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी उतरताना तिचा हात सुटला आणि ती पाठीवर आपटली. तेव्हापासून कंबर दुखायची आणि आता डाव्या पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. डॉक्टर खरातांनी स्वच्छ सांगितलं, की चित्र पाहिल्याशिवाय मल्लखांबाला हात लावायचा नाही, आणि मुंग्या येताहेत तर फार थांबायचंही नाही. झोपेचं औषध देऊन चित्र काढता येतं, त्यात कमीपणा काहीच नाही. पण लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर तिथे महिन्यातून एकदा यायचे आणि या महिन्याचे येऊन गेले होते.

“दहा दिवस देतो,” डॉक्टर म्हणाले. “तेवढ्यात नाही जमलं तर मोठ्या शहरात जाऊन भूल घ्यायची. तेही ठीकच.”

ते ठीक होतं हे शाल्मलीला मान्य होतं. पण तिला ते जागेपणी करायचं होतं. आपल्या अंगात कोणीतरी आपल्याला न विचारता ब्रेक दाबतं, हे तिला सहन होत नव्हतं.

रुग्णालयात धीर देण्यासाठी धीरू नावाचा यंत्रमानव होता. सन २०५१ मध्ये असे पुष्कळ होते. एका समितीने त्याला दोन कामं शिकवली होती, नाडी मोजणं आणि ‘घाबरू नका’ म्हणणं. समितीच्या दुर्दैवाने तो दोन्ही कामं एकाच वेळी करत असे. “आपली नाडी एकशे चौतीस. घाबरू नका. एकशे एकेचाळीस. घाबरू नका.” त्याच्याजवळ दहा मिनिटं बसलेला निरोगी माणूसही स्वतःहून दाखल व्हायचा.

या धीरूला शाल्मलीच्या आबांनी दहा दिवसांसाठी मागून आणलं. अर्जात ‘कारण’ या रकान्यात त्यांनी ‘शिक्षण’ असं लिहिलं. कोणाचं, ते विचारलेलं नव्हतं.

आबा म्हणजे आईचे वडील. चौतीस वर्षं त्यांनी एका प्रयोगशाळेत आगीची सूचना देणारे भोंगे बनवले होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात. आबांनी स्वयंपाकघरात स्वतःचा नवा भोंगा बसवला. हा शिकाऊ भोंगा होता. धुराचा वास घ्यायचा, आजूबाजूला बघायचा आणि प्रत्येक प्रसंगातून काय शिकलो ते स्वतःच्या नोंदवहीत लिहून ठेवायचा. आबांचा घरात एकच नियम होता, भोंगा वाजला की प्रश्न न विचारता अंगणात.

आईला मात्र ठेच्याशिवाय भाकरी जात नसे. त्यामुळे हे कुटुंब आठवड्यातून तीनदा अंगणात उभं राहायचं, दोन मिनिटं एकमेकांकडे बघायचं आणि आत येऊन ठेचा खायचं. आता आता तर गंमत अशी झाली होती, की तवा गरम व्हायच्या आधीच भोंगा ओरडायचा.

त्या दिवशी आईने फ्रिजमधून नुसती मिरच्यांची पिशवी काढली आणि भोंग्याने टाहो फोडला. आई सवयीने पदर खोचून दाराकडे निघाली. शाल्मलीही उठली. आबा उठले नाहीत. त्यांनी तिला खाली बसवलं आणि भोंग्याची नोंदवही पडद्यावर उघडून दिली. शाल्मली वाचू लागली.

‘तव्यावर मिरच्या. वाजलो. माणसं पळाली. म्हणजे आग होती. मी वाचवलं.’

‘रिकामा तवा. वाजलो. माणसं पळाली. म्हणजे आग येत होती. मी वाचवलं.’

‘फ्रिजमध्ये मिरच्या. वाजलो. माणसं पळाली. पुढच्या वेळी याहून लवकर वाजावं.’

भोंगा डोक्यावर बोंबलत होता. शाल्मलीने शेवटची ओळ दोनदा वाचली. कधी नाही ते तिचं लक्ष भोंग्याकडे नव्हतं.

“आबा, आग कुठेच नव्हती. आपण पळालो, म्हणून त्याला वाटलं की होती.”

“हं.”

“आणि मी ‘बाहेर काढा’ म्हटलं, तेव्हा…” ती थांबली. “तेव्हा माझ्याही भोंग्याने असंच लिहिलं असणार. मी वाचवलं. पुढच्या वेळी लवकर वाजावं.”

आबांनी मान डोलावली. मग आई वाकून दारातून बघते आहे तिकडे दुर्लक्ष करून ते सावकाश सांगू लागले. माणसाच्या मेंदूत कानांच्या आतल्या बाजूला अमिग्डला (बदामाच्या आकाराचा, धोक्याची सूचना देणारा भाग) असतो. तो फार घाईचा गडी. धोका खरा की खोटा हे तपासत बसत नाही. आधी वाजतो. तो वाजला की रक्तात अ‍ॅड्रेनलिन (पळायला बळ देणारं रसायन) उतरतं, छाती धडधडते, हात गार पडतात. ही सगळी पळायची तयारी असते. वाघ असेल तर उत्तमच. वाघ नसेल तर ती तयारी अंगात नुसती येरझाऱ्या घालते आणि माणसाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही.

“मग बंद करून टाका की त्याला,” शाल्मली म्हणाली.

“आणि खरी आग लागली की आपलाच ठेचा होऊ दे?”

“निदान त्याला सांगा तरी, घाबरू नको म्हणून.”

“त्याला मराठी येत नाही, शालू. कुठलीच भाषा येत नाही. आपण काय बोलतो ते तो ऐकत नाही, आपण काय करतो तेवढं बघतो. म्हणून धीरूच्या बोलण्याचा उपयोग शून्य.”

“नोंद घेतली,” धीरू कोपऱ्यातून म्हणाला.

म्हणजे उपाय एकच होता. भोंगा वाजू द्यायचा आणि जागचं हलायचं नाही. आबांनी आईला आत बोलावलं. धूर नाही, जाळ नाही, हे तिघांनी नीट बघून घेतलं आणि भोंग्याच्या खाली बसून राहिले. सहा मिनिटांनी त्याचा आवाज खाली आला. आठव्या मिनिटाला तो गप्प झाला. मग आईने तिथेच ठेचा केला आणि तिघांनी तो खाल्ला. नोंदवहीत नवी ओळ उमटली, ‘माणसं पळाली नाहीत. ठेचा केला. खाल्ला. प्रकरण पुन्हा तपासावं लागेल.’

जुनी ओळ पुसली गेली नव्हती, हे शाल्मलीने बघून ठेवलं. ती तशीच होती, फक्त तिच्याखाली दुसरी आली होती.

“एका ओळीने नाही भागणार,” ती म्हणाली. “पुष्कळ ओळी लागतील.” आणि ती बोगदा शोधायला निघाली.

तो शोधावा लागला नाही. पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर गटारासाठी आणलेले सिमेंटचे पाइप पडलेले होते. दूध ड्रोनने यायला लागलं, रुग्णालयात यंत्रमानव आले, पण पाइप जिथे उतरवले तिथेच होते. गटाराचं काम सुरू आहे असं नगरपालिका दर वर्षी जाहीर करत असे. आबांनी टेपने एका पाइपचं तोंड मोजलं. साठ सेंटिमीटर. एमआरआयचा बोगदा जवळपास तेवढाच, दोन्हीकडून उघडा. आबांनी पाइप काठीने आतून खडखडवला, विंचू-साप नाही याची खात्री केली, दोन्ही बाजूंना दगड लावून तो पक्का केला आणि आत गोधडी अंथरली. कंबरेला धक्का न लावता त्या गोधडीसकट तिला सरकवायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी शाल्मली पाइपच्या तोंडाशी फक्त बसली. दुसऱ्या दिवशी डोकं आत. छाती धडधडली. तिने बाहेर यायला हात टेकला, मग तो हात मुद्दाम उचलून पोटावर ठेवला.

“एकशे तेहतीस,” धीरू म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं.

आबांनी तिला श्वास शिकवला. घ्यायचा साधा, सोडायचा मात्र लांब, गरम चहावर फुंकर घालावी तसा. कारण मेंदूपासून पोटापर्यंत भटकी नस (हृदय, फुप्फुसं, पोट यांना ‘सावकाश’ असा निरोप देणारी लांब नस) जाते. श्वास लांब सोडला की ती जागी होते आणि हृदयाला हळू व्हायला सांगते. तेवढाच एक निरोप माणसाला आपणहून धाडता येतो. तिच्या पायांकडे उभ्या असलेल्या धीरूच्या छातीवरच्या पडद्यावर नाडीची रेघ चढताना तिला दिसली, शेंड्यावर रेंगाळली आणि कोणी काही न करता उतरू लागली.

“ही उतरतेच?” शाल्मलीने आतूनच विचारलं.

“कायम वर राहायला शरीराकडे तेवढं रसायन नसतं,” आबा म्हणाले. “तू आत्तापर्यंत दर वेळी शेंड्यावरूनच पळालीस. उतार कधी बघितलाच नाहीस.”

नियम ठरला, चढावर बाहेर यायचं नाही. आलंच तर उतारावर. चौथ्या दिवशी ती कंबरेपर्यंत गेली. पाचव्या दिवशी तिला रडू आलं आणि ती चढावरच बाहेर आली. शाल्मलीने नाक पुसलं, थोडं पाणी प्यायली आणि पाइपच्या तोंडापासून पुन्हा सुरुवात केली. सहाव्या दिवशी ती पूर्ण आत होती. धीरू एमआरआयचे आवाज काढून दाखवत होता. तेवढ्यात पलीकडच्या तोंडातून एक शेळी आत शिरली. तिने शाल्मलीच्या केसांचा वास घेतला, गोधडीचा कोपरा चावून बघितला आणि माघारी गेली. शेळीने कसलीही पूर्वतयारी केलेली नव्हती, हे शाल्मलीला जरा लागलं.

नवव्या दिवशी ती पंचवीस मिनिटं आत राहिली. रेघ एकदा चढली आणि उतरली. दहाव्या दिवशी तिने दोन्ही बूट घातले.

धीरूला एमआरआयच्या खोलीत प्रवेश नव्हता. तो लोखंडी, आत पाऊल टाकलं असतं तर चुंबकाने त्याला खेचून बोगद्याला चिकटवलं असतं. धीर देणारा दाराबाहेर राहिला. आबाही बाहेर, त्यांच्या गुडघ्यात धातूची वाटी होती. आत फक्त शाल्मली आणि यंत्र चालवणाऱ्या मुलाणीताई.

मुलाणीताईंनी तिच्या हातात रबरी फुगा दिला. दाबला की ताबडतोब बाहेर काढीन, म्हणाल्या. ठोकल्यासारखा आवाज कसला, तेही सांगितलं. मोठ्या चुंबकात तारांची वेटोळी असतात, त्यांतली वीज झरझर बदलली की चुंबक त्यांना हिसके देतं, ती थरथरतात आणि ठोके ऐकू येतात. आत कोणी हातोडा घेऊन बसलेलं नाही.

फळी सरकली. छत नाकासमोर आलं. भोंगा वाजला, आणि चांगला जोरात वाजला. पाइपात कधी वाजला नव्हता इतका. सगळं वाया गेलं, असं तिला क्षणभर वाटलं. फुग्यावर बोटं आवळली जाऊ लागली. मग तिने ती एकेक करून सैल केली आणि चहावर फुंकर घातली. ठोके सुरू झाले. चढ. चढ. अजून चढ. शेंडा कुठे आहे ते इथे दिसत नव्हतं, धीरूची रेघ नव्हती. ती वाट बघत राहिली. आणि मग ठोक्यांच्या चौथ्या की पाचव्या फेरीत तिच्या लक्षात आलं, की आपण नाक खाजवावंसं वाटून वैतागलो आहोत. घाबरलेल्या माणसाला नाकाची आठवण कुठून येणार? ती उतारावर होती.

वीस मिनिटांनी फळी बाहेर आली. शाल्मली उठून बसली. तिला हसू येत होतं. पण मुलाणीताई पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा अवघडलेला होता.

“बाळा, चित्राचा एक भाग हलला गं. सुरुवातीला तू थरथरलीस ना, तो. नेमकी मुंग्यांची नस तिथेच दिसते. आणखी चार मिनिटं लागतील. आज नको असेल तर…”

शाल्मलीने दाराच्या काचेकडे पाहिलं. पलीकडे आबा होते. ते खुणेने काहीच सांगत नव्हते, नुसते उभे होते. बोगदा समोर होता, तेवढाच अरुंद. आता निघून गेलं, तर नोंदवहीत आजची शेवटची ओळ कोणती लिहिली जाईल, हे तिला नीट ठाऊक होतं.

“नाही. आजच,” ती म्हणाली आणि आपणहून आडवी झाली.

या वेळी भोंगा वाजला, पण दोन घरं पलीकडे वाजावा तसा. ती त्याच्याकडे लक्ष देऊन ऐकत होती, तोवर चार मिनिटं संपली.

दुपारी डॉक्टर खरातांनी तिला पडद्यावर तिचाच कणा दाखवला. एकावर एक ठेवलेले मणके, अगदी शिस्तीत. खालच्या एका मणक्याच्या मागच्या कमानीला केसाएवढी चीर होती. तिच्याभोवतीच्या सुजेने नसेला थोडा धक्का लागत होता, पण नस दबलेली नव्हती. तीन महिने पट्टा, विश्रांती आणि सांगितलेले व्यायाम. वेळेवर कळलं म्हणून एवढ्यावर भागलं, असं डॉक्टर म्हणाले.

“मग मल्लखांब?” शाल्मलीने विचारलं.

“चीर भरली की हळूहळू. पण ती भरली की नाही हे बघायला तेव्हा हेच चित्र पुन्हा काढावं लागेल,” डॉक्टर जरा चाचरत म्हणाले. “चालेल ना?”

शाल्मलीने विचार केला. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेची तीन पानं उलटून तारीख शोधली.

“चालेल,” ती म्हणाली. “फक्त वेळ सकाळची द्या. संध्याकाळी मला सराव असेल.”